तीन दिवसांचं माहेर

गणपती कधी, हे चतुर्थी पाहून कुणीही सांगतं. गौरी कधी, असं विचारलं की घरातली जाणती बाई आधी पंचांग मागते. गौर तिथीवर येत नाही, नक्षत्रावर येते. भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना तिला घरात घ्यायचं, ज्येष्ठा नक्षत्रात असताना पूजा करून जेवू घालायचं आणि मूळ नक्षत्रात असताना निरोप द्यायचा. तिला ज्येष्ठागौरी का म्हणतात याचं एक उत्तर या मधल्या नक्षत्रात आहे. दुसऱ्या उत्तराकडे पुढे येऊच.

नक्षत्रावर येणं म्हणजे तारीख हातात नसणं. २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि गौरी २१ ला आल्या. २०२४ मध्ये गणपती ७ ला बसले, गौरी १० ला आल्या. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आणि गौरी थेट ३१ ला. कधी दोन दिवसांनी, कधी तीन, कधी चार. म्हणून गौरीबरोबर जाणारे गणपती कधी पाचव्या दिवशी जातात, कधी सहाव्या, कधी सातव्या. ‘पाच दिवसांचे गणपती’ धरून रजा टाकणारे आणि परतीची तिकिटं काढणारे दर दोन-तीन वर्षांनी यात फसतात. हा हिशोब अवघड नाही. चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या पुढे जवळपास ठरावीक अंतरावर असतो आणि सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. चतुर्थी जितकी उशिरा, तितका तिचा चंद्र अनुराधेच्या जवळ. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, चतुर्थी लांबली आणि गौरी गणपतीच्या पाठोपाठ आल्या. चतुर्थी ऑगस्टात आली की गौरी वाट पाहायला लावणार.

ही वाट पाहणं मला या सणाचं मर्म वाटतं. सासरी असलेल्या लेकीचं येणं माहेरच्यांच्या हातात कधीच नव्हतं. तिकडची कामं उरकली, सासूने हो म्हटलं, पाऊस उघडला, गाडी जुंपली, की ती येणार आणि दोन रात्री राहून जाणार. चैत्रगौर महिनाभर माहेरी असते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर बसून आंब्याची डाळ आणि पन्हं घेते, कारण चैत्रात शेतात काम नसतं. भाद्रपदात पीक उभं असतं, निंदणी-राखणी चालू असते, त्यामुळे रजा मिळते ती एवढीच. असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. पण या सणातली एकेक रीत माहेरपणाच्या अंगाने लावून पाहिली की ती आपोआप उलगडते, आणि जिथे रीत चुकते तिथे नेमकं काय चुकलं तेही कळतं.

पंचांगातली वेळ नीट वाचावी. दाते असो वा कालनिर्णय, ‘अमुक वाजेपर्यंत आवाहन’ असं दिलेलं असतं, कारण अनुराधा त्या वेळी संपते. संपण्याची वेळ दुपारची असेल तर ‘आम्ही नेहमी दिवेलागणीला आणतो’ हे त्या वर्षी बाजूला ठेवायचं. परदेशातल्या घरांत आणखी एक चूक होते. पुण्याची वेळ आपल्या घड्याळावर तशीच लावली जाते. नक्षत्र साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी बदलतं, घड्याळं वेगळी असतात. न्यू जर्सी त्या दिवसांत भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणून इथली संध्याकाळची वेळ तिथे त्याच दिवसाची सकाळ होते. स्थानिक पंचांग मिळालं तर उत्तमच, नाहीतर एवढी वजाबाकी करावी.

आता ती येते कोण म्हणून? याबद्दल महाराष्ट्राचं एकमत नाही. कुठे ती पार्वती, म्हणजे गणपतीची आई, लेकाच्या मागोमाग आलेली. कुठे गणपतीची बहीण. विदर्भ-मराठवाड्यात ती महालक्ष्मी, आणि तिथे ‘गौरी’ हा शब्द कमीच ऐकू येतो. ‘आमच्याकडे महालक्ष्म्या असतात’ असंच म्हणतात. काही घरांत तिसऱ्या दिवशी शंकर तिला न्यायला येतो. कर्नाटकात गोष्ट उलट्या क्रमाने घडते. तिथे स्वर्णगौरी तृतीयेला माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी गणपती आईला परत न्यायला येतो. बंगालची दुर्गा चार मुलांना घेऊन बापाच्या घरी येते आणि दशमीला जाते. नाती बदलतात, पण सगळीकडे ती सासरहून आलेली असते आणि तिला परत जायचं असतं.

मराठी घरात मात्र ती एकटी येत नाही. दोघी येतात, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. बऱ्याच ठिकाणी मुलंही बरोबर असतात, एक मुलगा आणि एक मुलगी. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात त्यांना पिलवंडं म्हणतात. मघाशी राहिलेलं दुसरं उत्तर इथे आहे. पुराणांत ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण. समुद्रमंथनातून ती लक्ष्मीच्या आधी बाहेर आली, पण तिला अलक्ष्मी ठरवण्यात आलं. जिथे भांडण, आळस, अस्वच्छता, तिथे तिचा वास, असं सांगून तिला दाराबाहेर ठेवलं गेलं. आणि या सणात त्याच नावाची थोरली धाकटीचा हात धरून उंबरठा ओलांडते, तिला पहिला मान मिळतो, दोघींना सारखी साडी, सारखे दागिने, सारखं ताट. घरोघरच्या बायकांनी हे पुराण वाचून ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण माहेर सगळ्या लेकींसाठी सारखंच असायला हवं, नशीबवान लेकीसाठीही आणि नशिबाने मारलेलीसाठीही, हे या मांडणीत स्पष्ट दिसतं.

म्हणूनच एक गोष्ट खटकते आणि ती बोलायलाच हवी. गौरीला हात सवाष्णीनेच लावायचा, विधवा लेकीने किंवा सुनेने लांबून बघायचं, ही चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ज्येष्ठेला घरात घेणाऱ्या सणात घरच्याच लेकीला दाराशी थांबवायचं, हे त्या सणालाच धरून नाही. आता काही घरांत थोरली विधवा जाऊच मुखवटे हातात घेऊन आत येते. तिथे रीत मोडली असं मला वाटत नाही, उलट ती पुरी झाली असं वाटतं.

गौरीची रूपं किती म्हणून सांगावीत! कोकणस्थ घरांत नदीच्या किंवा तळ्याच्या काठावरून पाच किंवा सात खडे वेचून आणतात. कुमारिका किंवा सवाष्ण मुक्याने जाते, ताम्हनात खडे घेते आणि मागे न बघता येते. बोलायचं नाही, याचं कारण वाटेत कुणी अडवलं तर वेळ टळते, असं मला वाटतं. वाटेवर शेजारणीशी पाच मिनिटं बोललं तरी नक्षत्र थांबत नाही. कोकणात इतरत्र तेरड्याची गौर असते. पावसाळ्यात डोंगरउतारावर गुलाबी-जांभळा तेरडा फुलतो, तो मुळासकट उपटून आणायचा. विळ्याने कापायचा नाही, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं मानतात. पावलं कापून लेक कशी आणायची? मुळांची माती हलक्या हाताने धुवायची, जुडी सैल बांधायची आणि तासाभराच्या आत ओल्या फडक्यात गुंडाळायची. तेरड्याचा देठ पाण्याने भरलेला असतो, आवळून बांधला की चिरडतो आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतो. नीट ठेवला तर रंग तीन दिवस टिकतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. गौरीला तेवढेच हवे असतात. काही ठिकाणी जुडीत कळलावीची लाल-पिवळी फुलं खोवतात. दिसतात सुंदर, पण कळलावी विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात ती उंचावर बांधावी आणि हात धुवावेत.

बाकी कुठे पाच मडक्यांची उतरंड, कुठे धान्याच्या राशीवर मुखवटे, कुठे कलशावर. आणि देशावर, वऱ्हाडात, मराठवाड्यात उभ्या गौरी. यांचं काम सगळ्यात जास्त आणि चुकाही इथेच जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर.

उभ्या गौरीचा सांगाडा म्हणजे लोखंडी स्टँड नाहीतर पत्र्याची कोठी, उंची साधारण तीन ते साडेतीन फूट. वर पितळी मुखवटा बसतो. तो जड असतो, त्यात नथ, मुकुट, हार यांची भर पडते. सगळं वजन वर आणि खाली पोकळ, त्यामुळे आरतीच्या वेळी कुणाचा धक्का लागला की गौर डोलते. जुन्या बायका कोठीत गहू-तांदूळ भरायच्या, काही घरांत त्यावर लाडू-करंज्याही ठेवायच्या आणि विसर्जनापर्यंत कोठी उघडायच्या नाहीत. लेकीचं पोट भरलेलं असावं ही भावना तर त्यात आहेच, पण खाली चार-पाच किलो धान्य असलं की कोठी हलत नाही. नुसता स्टँड असेल तर त्याच्या पायांच्या मधे धान्याने भरलेला डबा घट्ट बसवावा. मुखवट्याची मान सळईवर सैल बसत असेल तर सळईला सुती फडक्याची पट्टी गुंडाळावी. कागद कोंबू नये, तो दबतो आणि दुसऱ्या दिवशी मुखवटा वळलेला दिसतो. मुखवटा किंचित खाली झुकलेला हवा. समोर पाटावर बसून बघावं. तिची नजर आपल्या नजरेशी मिळाली तर बरोबर, डोक्यावरून जात असेल तर मागच्या बाजूला कापडाची एक घडी घालावी.

साडी नेसवायची ती आधी आतून अंग तयार करून. सांगाड्यावर जुनी सुती साडी किंवा परकर गुंडाळून कमरेला सुतळीने आवळायचा, म्हणजे वरची रेशमी साडी सरकत नाही. रेशीम थेट लोखंडावर घसरतं, पहाटेपर्यंत निऱ्या जमिनीला टेकतात. निऱ्या आदल्या रात्रीच घालाव्यात, चार बोटं रुंदीच्या सात किंवा नऊ, वर-खाली चिमटे लावून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवाव्यात. निऱ्यांची टोकं जमिनीपासून बोटभर वर. नऊवारीचा काष्टा सांगाड्यावर घालण्यात नवख्यांनी वेळ घालवू नये, मागून तो दिसतही नाही. उरलेलं कापड आतल्या बाजूला घडी करून भरलं की अंग छान भरतं. आधी साडी, मग खण किंवा चोळी, मग हात, मग पदर, मुखवटा त्यानंतर आणि दागिने सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडला की हार पदराखाली अडकतो आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. बहुतेक घरांत धड सकाळीच नेसवून उभं असतं आणि आवाहनाला दारातून फक्त मुखवटे येतात, त्यामुळे घाई होत नाही. समई पदरापासून दीड-दोन फूट लांब ठेवावी. हल्ली रोषणाईच्या माळा एकाच बोर्डावर चार-चार जोडल्या जातात आणि मागे सिंथेटिक कापडाचा पडदा असतो. रात्री झोपताना त्या माळा बंद करा. समई मंद तेवत असली की पुरे.

पितळी मुखवटा चिंच-मिठाने किंवा पितांबरीने लख्ख होतो, पण डोळे, भुवया, ओठ रंगवलेले असतील तर तिथे हात थांबवायचा. चिंचेच्या आंबटाने रंग सुटतो आणि ऐन वेळी गौरीचे डोळे फिके दिसतात. रंगाच्या भोवतीने ओल्या बोटाने घासावं, रंगावर फक्त ओलसर फडकं फिरवावं. शाडूच्या मुखवट्याला पाणी अजिबात लावू नये.

आता दार. तुळशीपासून किंवा मुख्य दारापासून गौरीच्या जागेपर्यंत पावलं उमटवतात. तांदळाचं पीठ दह्याइतकं घट्ट कालवायचं, मुठीची करंगळीकडची कड त्यात बुडवून टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. उजवी मूठ, डावी मूठ, आळीपाळीने. पीठ पातळ असेल तर पाऊल पसरतं, आणि फरशीवर पाय घसरतो ते वेगळंच. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे उमटवणारी बाई आतून बाहेर येत जाते आणि पावलं बाहेर जाताना दिसतात. बोटांचे ठिपके घराच्या आतल्या बाजूला हवेत. दाराशीच सुरुवात करून, तोंड घराकडे ठेवून आत सरकत जावं.

दोन जणी एकेक मुखवटा ताम्हनात किंवा सुपात घेऊन उंबरठ्याबाहेर उभ्या राहतात. त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, कुंकू लावायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. काही घरांत नव्या नवरीसारखं उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत यायचं. मागून पोरं चमच्याने ताट बडवत असतात, घंटा वाजते आणि आत-बाहेर सवाल-जवाब चालतो. ‘गौर आली?’ ‘आली.’ ‘कशाच्या पावली?’ ‘सोन्याच्या पावली.’ धान्याच्या, मुलाबाळांच्या, हळदीकुंकवाच्या. यानंतरची रीत हल्ली घाईत गळते आणि ती गळू देऊ नये. तिला लगेच मखरात बसवायचं नाही, आधी सगळं घर दाखवायचं. स्वयंपाकघर, दुधाचं पातेलं, धान्याचे डबे, कपाट, गोठा असेल तर गोठा, घरात तान्हं बाळ असेल तर पाळणा. लेक वर्षाने आली की पहिल्या तासात हेच करते. उंबऱ्यातूनच परसात जाते, डब्यात काय आहे बघते, वहिनीने कपाट कुठे हलवलं ते विचारते. फ्लॅटमध्ये हे फिरणं दोन मिनिटांचं आहे.

पहिल्या दिवशीचं जेवण साधं असतं. प्रवासातून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री पक्वान्नं वाढत नाहीत. देशावर शेपूची किंवा मेथीची भाजी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात तांदळाची भाकरी आणि पालेभाजी. सजावटीत दमून या दिवशी बाहेरून मिठाई आणून नैवेद्य दाखवणारी घरं वाढली आहेत. त्यापेक्षा एक जुडी शेपू आणि दोन भाकऱ्या अर्ध्या तासात होतात, आणि तिच्यासाठी तेच योग्य आहे.

दुसरा दिवस ज्येष्ठेचा, मोठ्या जेवणाचा. पुरणपोळी, सोळा भाज्या, कटाची आमटी, चटण्या-कोशिंबिरी, वऱ्हाड-मराठवाड्यात ज्वारीची आंबील आणि कथली, वर टांगलेला तळलेल्या पदार्थांचा फुलोरा. वीस पानांचा हिशोब असा धरावा की एक किलो हरभऱ्याच्या डाळीला एक किलो गूळ आणि त्यात साधारण तीस पोळ्या. माणशी दोन, वर नैवेद्याच्या आणि शेजारी वाटायच्या, म्हणजे दीड किलो डाळ भिजत घालायची. डाळ बोटाने दाबली की लोण्यासारखी मोडेपर्यंत शिजली पाहिजे. गूळ त्याआधीच घातला तर ती पुढे कधीच मऊ होत नाही, पुरणात रवा राहतो आणि पोळी लाटताना तिथेच फुटते. कट निथळून घ्यायचा, तीच आमटी. पुरण आटलं की नाही हे उलथनं उभं करून पाहायचं, उभं राहिलं तर उतरवायचं. त्यापुढे आटवलं की गार झाल्यावर भुगा होतो. तसं झालंच तर दोन चमचे दूध शिंपडून पुन्हा वाटावं. कणीक पुरणाइतकीच मऊ हवी. घट्ट कणकेत मऊ पुरण भरलं की ते कडेला पळतं.

पुरणाचे सोळा दिवे करून आरती करतात. हे दिवे सैल पुरणाचे केले तर तुपाच्या उष्णतेने बसतात. पुरणात थोडी कणीक मळून दिवे तासभर आधी करून ठेवावेत आणि फुलवात थिजलेल्या तुपात भिजवून ठेवावी.

सोळा भाज्यांचं दडपण अनेकींना येतं. सोळा पातेली चढवायची नसतात. बऱ्याच घरांत सोळा भाज्या एकाच पातेल्यात मिसळ करतात, प्रत्येकीची मूठ-मूठ. आधी सुरण, बटाटा, गवार, शेंगा. ते अर्धे शिजल्यावर लाल भोपळा, पडवळ, दोडका, घोसाळं, दुधी. शेवटी मेथी, पालक, चुका, अंबाडी, अळू. चुका-अंबाडी आधी घातली तर त्यांच्या आंबटपणाने सुरण शिजायचा थांबतो. अळू-सुरणाची खाज जायला आंबट हवंच, म्हणून ते शेवटी का होईना, पण टाळू नये. सोळा पत्री, सोळा भाज्या, सोळा दिवे, दोऱ्याला सोळा गाठी. भाद्रपदात परसात-बांधावर इतकं उगवलेलं असतं की सोळा मोजताना बाजाराची गरज पडत नसे.

आंबिलीसाठी वाटीभर ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात आदल्या रात्री भिजवायचं. सकाळी चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ते धार धरून ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. पीठ कोरडंच गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. कोकणात याच दिवशी घावन-घाटलं. घाटलं म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचा रस. दाट रस गुळाबरोबर उकळला की फुटतो आणि वर तेल तरंगतं. म्हणून पातळ रसात पीठ आणि गूळ शिजवून घ्यावा, दाट रस आच बंद करण्याआधी घालावा.

आणि रायगड-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत गौरीला तिखट नैवेद्य असतो, मटणाचा, माशांचा, चिंबोऱ्यांचा. शेजारी गणपती असतो, म्हणून मधे पडदा धरतात. ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं द्यायचं, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या पाहुण्याचं सोवळंही सांभाळायचं, हे कोणतंही मोठं कुटुंब रोज करतं.

कोकणातल्या ओवशाशिवाय हे पुरं होत नाही. लग्नानंतरचा पहिला ओवसा म्हणजे नवी सून सुपं घेऊन गौरीसमोर येते. सुपं माहेरहून आलेली असतात. त्यांत पानांवर फळं, भाज्या, सुकामेवा, रानफुलं, आणि सुपाला सुताचा दोरा गुंडाळलेला. गौरीला ओवसून झालं की ती सुपं घेऊन सासरच्या थोरामोठ्यांकडे जायचं, वाण द्यायचं, पाया पडायचं आणि त्यांनी सुपात काही ठेवायचं. एका संध्याकाळीत नव्या मुलीची सगळ्या भावकीशी ओळख होते. पुष्कळ गावांत पहिला ओवसा पूर्वा नक्षत्रातच होतो. इथे नक्षत्र चंद्राचं नाही, सूर्याचं. शेतकरी पावसासाठी मोजतात ते. सूर्य पूर्वा नक्षत्रात असतो साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. २०२३ मध्ये गौरी २१ सप्टेंबरला आल्या तेव्हा सूर्य पुढच्या उत्तरा नक्षत्रात गेला होता, त्यामुळे तिथल्या नव्या सुनांना २०२४ ची वाट पाहावी लागली. सुपं विकत घ्यायची असतील तर आषाढातच सांगून ठेवावीत. पूर्वा असलेल्या वर्षी ऐन वेळी बुरडाकडे सूप मिळत नाही, आणि प्लॅस्टिकचं सूप हा पर्याय नव्हे.

त्या रात्री जागर, झिम्मा, फुगड्या. गौरीसाठी म्हणून आलेल्या नणंदा-भावजया, आत्या, मावश्या रात्री दोनपर्यंत बसतात. विभक्त झालेल्या घरांतही गौरी बहुधा थोरल्याकडेच राहतात, वाटणीत त्या फुटत नाहीत, त्यामुळे वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भाऊ या दिवशी एका पंगतीला बसतात. वाढताना त्यांना शेजारी बसवावं.

तिसऱ्या दिवशी मूळ. सकाळी सुताचा सोळा पदरी दोरा हळदीत भिजवून त्याला गाठी पाडतात आणि गाठीत हळकुंड, भोपळ्याचं फूल, झेंडूचं पान, खारीक, रेशमाचा धागा असं एकेक बांधतात. तो दोरा घरच्या बायका गळ्यात घालतात आणि घराण्यात ठरलेल्या तिथीपर्यंत ठेवतात. सूत कोरडं असताना गाठ मारली तर सुटते, फार ओलं असताना मारली तर फूल चिरडतं. हळद लावून तासभर सुकू द्यावं.

नैवेद्य आता पुन्हा हलका होतो. गव्हल्यांची किंवा शेवयांची खीर, दहीभात, भाजलेला उडदाचा पापड आणि कानवला. वाटेत पोटाला त्रास होणार नाही असं. कानवला मुरडीचा हवा, कडा कातण्याने कापलेला नको. कडेला बोटाने मुरड घालत जायचं, एकावर एक घडी, कारण मुरड म्हणजे मागे वळणं. जाणाऱ्या लेकीने पुन्हा वळून यावं. बाजारातून आणलेल्या करंजीला कातणीचे दात असतात, मुरड नसते. बाकी सगळं विकतचं आणलं तरी चालेल, हे दोन कानवले तेवढे हाताने करा. मैदा-रव्याची पारी घट्ट भिजवून, कडेला दुधाचं बोट लावून मुरड घातली की तळताना उघडत नाही.

ओटी भरायची: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. आरती करून अक्षता टाकायच्या आणि मुखवटा हाताने किंचित हलवायचा. एवढंच विसर्जन. पितळी मुखवटे पाण्यात जात नाहीत, खडे आणि तेरडा जातात. नदीवरून परतताना मूठभर वाळू घेऊन यायची आणि घरात, धान्याच्या डब्यांत, गोठ्यात, परसात टाकायची. ज्येष्ठागौरीच्या कहाणीत हेच आहे. दरिद्री ब्राह्मणाच्या घरी म्हातारी होऊन आलेली गौर तिसऱ्या दिवशी ‘मला पोचतं कर’ म्हणते, आणि तो अडवायला लागतो तेव्हा राहत नाही, पण जाताना वाळू देऊन जाते. आता वाळूसाठी नदीपात्र खणायला कुणी जाऊ नये, काठावरची चिमूट पुरते. ती डब्यात टाकताना पुरचुंडीत बांधून टाकावी, नाहीतर महिनाभर भातात खडे लागतात.

संध्याकाळी साड्या उतरवून लगेच घडी घालू नये. धूप-कापराचा वास आणि दमटपणा जाईपर्यंत रात्रभर दोरीवर राहू द्याव्यात. एक साडी लेकीची, एक सुनेची, हे आधीच ठरवलेलं बरं. मुखवटे कोरडे पुसून मऊ सुती कापडात वेगवेगळे गुंडाळावेत, चेहरा वर करून ठेवावेत, वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, शाई उतरते. पेटीत एक चिठ्ठी टाकावी: थोरली कुठल्या बाजूला होती, मानेला किती पट्टी लागली, डाळ किती लागली आणि किती उरली. पुढच्या वर्षी ती पेटी कदाचित दुसरीच कुणी उघडेल.

कोठीतले गहू-तांदूळ शेवटी काढायचे. ते वेगळे ठेवायचे नसतात. घरच्या डब्यात मिसळायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच भात लावायचा.